विहीणबाई काट्यावर

३ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार विहीणबाई,

पाकीट बघून घाबरू नका. तुमची लेक मजेत आहे, माझा मुलगा मजेत आहे, दोघांचं भांडण झालेलं नाही आणि मला कुणाची तक्रार करायची नाही. हे आधीच सांगून टाकते. मुलांच्या लग्नाला चार वर्षं झाली, तरी आपण दोघी एकमेकींशी "बरं आहे ना?" आणि "सांभाळून जा" यापलीकडे बोललेलो नाही. त्यात अचानक माझं पत्र म्हटल्यावर तुम्ही आधी लेकीलाच फोन लावणार.

त्याचं असं झालं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर मोजलं, परत मोजलं, मग मशीन बदलून मोजलं. म्हणाले, "गोळ्या नंतर बघू. आधी जीवनशैली." मी म्हटलं, "ती कुठे मिळते?" ते हसले नाहीत. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर 'नवी जीवनशैली' नावाचा चार महिन्यांचा कार्यक्रम चालतो, त्यात माझं नाव घातलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी शिवणाचं दुकान लवकर बंद करून मी तिकडे पळते. आम्ही चौदा जण आहोत. व्यायाम घेणाऱ्या बाईंना आम्ही शिट्टीताई म्हणतो. हात वर करा, शिट्टी. खाली करा, शिट्टी. पाणी प्या, शिट्टी. माझ्या शेजारी एक केकवाला उभा असतो. खराखुरा, दवाखान्यासमोर त्याचं दुकान आहे. त्याने हात वर केले की बाह्यांतून व्हॅनिलाचा वास येतो आणि आमची अख्खी रांग डावीकडे झुकते.

व्यायाम झाला की वजन, आणि वजन झालं की 'मनाचा तास'. तो घेणारे सर इतक्या हळू बोलतात की आपण आपोआप शहाण्यासारखं वागायला लागतो. त्यांनी सांगितलं, "ज्या माणसाशी मोकळं बोलायची भीती वाटते, त्याला हाताने पत्र लिहा. आणि लिहीत राहा." बाकीचे आपापले साहेब आणि सासरे आठवत बसले. मला आठवावं लागलं नाही. रागावू नका, पण तुमच्यासमोर मी आपोआप पोट आत घेते. मुलांच्या लग्नात दिवसभर घेतलं होतं. फोटोंत मी निळी पडलेली दिसते.

तुम्ही एवढ्या सडसडीत, इस्त्रीच्या घडीसारख्या, आणि त्यात वजनमापे निरीक्षक म्हणून जन्मभर दुकानादुकानांतले तराजू तपासलेल्या! आणि मी ही अशी, कापडाचा गठ्ठा. तुम्ही काय खाता, किती चालता, मन कसं ताब्यात ठेवता, दोन ओळी लिहाल का? मुलांना मात्र यातलं काही सांगू नका. उगाच भलते अर्थ काढतील.

तुमची,
विहीण


१० फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,

सप्रेम नमस्कार. आपलं पत्र मिळालं. मजकूर कळला. पहिल्या चार ओळी वाचून हायसं वाटलं. पाकीट मी आधी उजेडात धरून पाहिलं होतं.

विचारलंत म्हणून कळवते. सकाळी लवकर उठून तळ्याला एक फेरी मारते. मग चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी सूप. ते एकदा केलं की तीन दिवस पुरतं, एकटीसाठी रोज कुठे भांडी काढायची? रात्री कपभर दूध. जेवायला बसण्यात मी वेळ घालवत नाही, ओट्यापाशी उभ्याउभ्याच उरकतं. मागच्या वर्षी हे गेले, तेव्हापासून घरात गडबड नाही, त्यामुळे शिस्त पाळणं सोपं झालंय. परवाच शेजारच्या बाई म्हणाल्या, "या वयात काय अंग राखलंय!" मनासाठी मी वेगळं काही करत नाही. त्याच्याकडे लक्ष दिलं नाही की ते गप्प बसतं.

आपल्या कार्यक्रमाबद्दल काही शंका आहेत. काटा स्प्रिंगचा आहे की डिजिटल? खालची फरशी सपाट आहे का? वजन पाणी पिण्याआधी करतात की नंतर? हे कळल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

लग्नात आपण पोट आत घेतलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, आपण रागावला आहात.

आपली,
विहीण


२४ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

"मला वाटलं, आपण रागावला आहात" हे वाचून मी इतकी हसले की गिऱ्हाईक ट्रायल रूममधून अर्धा सदरा घालून बाहेर आलं. चार वर्षं! मी श्वास कोंडून उभी आणि तुम्ही समजताय की बाई फुगलीय!

तुमचं पत्र मी दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलंय. येता-जाता वाचते. धन्य आहे तुमची! मीही एका रात्री कपभर दूध पिऊन झोपायला गेले. थोड्या वेळाने आमच्या यांनी मला स्वयंपाकघरातून परत आणलं. मी कोरडा पाव खात होते, अंधारात.

इकडची गंमत ऐका. शिट्टीताई आम्हाला बागेत चालायला नेतात. परवा आम्ही रांगेने झपाझप चाललोय, तेवढ्यात शिट्टी वाजली. आम्ही चौदाच्या चौदा जण थांबलो आणि हात वर केले. परत शिट्टी. खाली केले. मग दिसलं, पलीकडे मुलांची फुटबॉलची मॅच चालली होती आणि शिट्टी तिथल्या पंचाची होती. शिट्टीताई पार पुढे गेलेल्या. पंच बिचारा खेळ थांबवून आमच्याकडे बघत राहिला. केकवाला तर हसता हसता गवतातच बसला, त्याला उठवायला चौघे लागले.

मला हल्ली झोप छान लागते. मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणते. आमचे हे विचारतात, "काय झालंय तुला?" पण विहीणबाई, वजन वाढलंय! माझं एकटीचं नाही, सगळ्यांचं. कुणाचं किलोभर, कुणाचं दोन. शिट्टीताईंनी आकडे बघितले आणि शिट्टी न वाजवताच खुर्चीत बसल्या. मोठे डॉक्टर वर येऊन म्हणाले, "मन प्रसन्न करायला दवाखाना कशाला हवा? पुढच्या महिन्यात वजनं उतरली नाहीत तर हा कार्यक्रम बंद." शिट्टीताईंची नोकरी जायची. मनाच्या सरांचीही. मी दुकानात येऊन ट्रायल रूमचा पडदा ओढून रडले. आम्ही एवढं चालतो, एवढे हात वर करतो, मग होतंय काय? कुणालाच काही कळत नाहीये.

तुमची,
गठ्ठा


१ मार्च

सौ. विहीणबाई यांस,

सप्रेम नमस्कार. आपण रडायचं कारण नाही.

एका माणसाचं वजन वाढलं तर दोष माणसात असू शकतो. चौदाही जणांचं एकदम वाढलं तर दोष काट्यात असतो. नोकरीत असताना असे अनेक काटे मी पकडले आहेत. एका सदोष यंत्रापायी दोघांच्या नोकऱ्या जाव्यात, हे मला पटत नाही.

येत्या शुक्रवारी येते. जुन्या कार्यालयातून दहा-दहा किलोची दोन प्रमाणित वजनं मागून घेतली आहेत. काट्याला तोपर्यंत कुणी हात लावू नये.

आपली,
विहीण


९ मार्च

प्रिय विहीणबाई,

तुम्ही न सांगता निघून गेलात. मी बसथांब्यापर्यंत धावत आले (हो, मी, धावत!), पण बस वळणावर गेली होती. तुमची चाकांची बॅग लोखंडासकट माझ्याकडे राहिलीय. ती उचलताना आमच्या यांची पाठ धरली.

तुम्ही रागावला असाल. या वेळी खरंच. पण माझी बाजू ऐका.

आधी केकचं. हो, मला ठाऊक होतं. वर्ग सुटला की कुणाचाच पाय घरी निघायचा नाही. पहिल्याच आठवड्यात केकवाला म्हणाला, "समोरच दुकान आहे, घोटभर चहा घेऊ." चहाबरोबर एक लहानसा तुकडा आला. मग तो दर वेळी यायला लागला आणि लहान राहिला नाही. तिथे एकाने बायकोच्या आजारपणाचं सांगितलं, एकीने आठ वर्षं न बोलणाऱ्या बहिणीचं सांगितलं. मनाच्या तासाला सगळे गप्प, आणि तिथे कुणाचं तोंड थांबेना, बोलायलाही आणि खायलाही. तुम्हाला कुठल्या तोंडाने लिहिणार? तुम्ही खरोखरच वीस किलो लोखंड घेऊन याल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

तुम्ही गुडघ्यावर बसून काट्याचे चारही कोपरे तपासलेत, वजनं ठेवलीत, काढलीत, परत ठेवलीत, आणि उठून म्हणालात, "काटा निर्दोष आहे." मग केकवाल्याने हळूच हात वर केला, शिट्टी नसताना. म्हणाला, "ताई, काटा नाही, मी." शिट्टीताईंना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा त्यांना असं हसू फुटलं की तोंडातली शिट्टीच वाजायला लागली. मग सगळेच सुटले. त्या भरात मी, माझी जीभ कुठे शिवून ठेवावी, ओरडले, "आता निरीक्षकबाईंचंही होऊन जाऊ दे!"

तुम्ही हसतच चढलात. बूट, कोट, पर्ससकट. आणि आकडा आला.

तुम्ही म्हणालात, "काटा बिघडलाय."

विहीणबाई, पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच त्याला निर्दोष सोडला होतात.

तुम्ही वाकलात तेव्हा मला कोटाच्या आतल्या पिना दिसल्या होत्या, कमरेशी दोन्हीकडून गोळा करून लावलेल्या. जिन्यात तुम्ही दोनदा थांबलात. मला वाटलं, बॅग जड आहे. तीन दिवसांचं सूप, उभ्याने जेवण, कपभर दूध... मी ते शिस्त म्हणून आरशात खोचून ठेवलं! वेडीच मी. तुम्ही जेवत का नाही? बरं नाही का? मी मुलांना काही बोललेले नाही. पण मला लिहा.

तुमची,
विहीण


२२ मार्च

विहीणबाई,

रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी राहते. त्याला वाटतंय, मी त्याच्या गणवेशाचं माप घेतेय. चार ओळी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल. नाहीतर मी रविवारी लोखंडासकट दारात उभी राहीन.

तुमची


२ एप्रिल

सौ. विहीणबाई,

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर बरेचदा लिहिलं, पण दर वेळी ते कार्यालयीन व्हायला लागलं. आता जसं येईल तसं पाठवते.

माझ्या घरी काटा आहे. उत्तम आहे. हे गेल्यापासून मी तो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. गावभर लोकांचे काटे तपासले, पण स्वतः त्यावर उभी राहिले नाही. लोक म्हणायचे, काय अंग राखलंय. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं की मी काहीतरी चांगलंच करतेय.

यांना जेवायला फार वेळ लागायचा. एक घास, मग एक गोष्ट. ती गोष्टही तीच, मागच्या आठवड्यातली. मी चिडायचे, "आधी जेवा, मग बोला." आता त्या टेबलापाशी बसवत नाही. ओट्यापाशी उभं राहिलं की समोर भिंत असते, बरं पडतं. लेक फोनवर विचारते, "जेवलीस?" मी म्हणते, "जेवले." बिस्किटंही जेवणच, अशी मी नोंद करून टाकली होती.

तुमच्या हॉलमधून निघाले ती लाजेने, रागाने नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं तपासलं. मोठा आजार नाही. रक्त कमी आहे. त्यांनी विचारलं, "शेवटचं मोठ्याने कधी हसलात?" मी मनातल्या मनात महिने मोजायला लागले. त्यांनीही मला जीवनशैलीच्याच वर्गाला पाठवलं. इथल्या आरोग्य केंद्रातही असतो.

आत शिरले तर तिथला मुलगा म्हणाला, "सोबत आलेल्यांनी बाहेर थांबायचंय." मी म्हटलं, "मीच आहे." त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पण तुम्हाला कमी काय करायचंय?" मी म्हटलं, "काही नाही. वाढवायचंय." अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. मागून एक धिप्पाड बाई ओरडल्या, "अहो, मग माझं घ्या! हवं तेवढं घ्या!" विहीणबाई, मी हसले. इतक्या महिन्यांनी आवाज असा चिरका निघाला की मलाच दचकायला झालं.

त्या बाई बस कंडक्टर आहेत. आमची जोडी लावलीय. मला कुणाबरोबर तरी बसून जेवायचंय, त्यांना कुणाच्या तरी देखरेखीखाली जेवायचंय. बुधवारी आणि रविवारी त्या येतात. यांच्या खुर्चीवर बसतात. पहिल्या दिवशी मला ते बघवेना. पण त्यांना लोणी बंद आहे, म्हणून मी पावाला लावताना त्या टेबलावर हात आपटतात आणि ओरडतात, "पुढे सरका, पुढे सरका, अजून जागा आहे!"

लेकीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

तुमची,
विहीण


१४ एप्रिल

प्रिय, प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग "पुढे सरका" वाचून खुर्चीतून खाली घसरले. कंडक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, गणवेश जिथे जिथे सैल होईल, तिथे मी फुकट आत घालून देईन.

आमचा कार्यक्रम बंद झाला नाही! मोठ्या डॉक्टरांनी वजनं घेतली. सगळ्यांची थोडीथोडी उतरलीत. माझं फार नाही, पण ब्लडप्रेशर असं खाली आलं की डॉक्टरांनी पुन्हा मशीन बदललं. झालं एवढंच की शिट्टीताई आता केकच्या दुकानात आमच्याबरोबर येतात. चहा सगळ्यांना, गप्पा हव्या तेवढ्या, केक महिन्यातून एकदा. कुणाचा हात काचेच्या कपाटाकडे गेला की शिट्टी. रस्त्यावरचा वाहतूक पोलीस दोनदा आत येऊन गेला. मनाच्या सरांनी तर त्यांचा तासच दुकानात हलवलाय, आणि आता त्यांचा आवाज चक्क ऐकू येतो.

आणि ऐका, घोटाळा झालाय. माझा मुलगा दुकानात आला आणि त्याने आरशातलं तुमचं पत्र बघितलं. "सौ. विहीणबाई यांस" एवढंच वाचलं आणि पांढराफटक पडला. रविवारी दोघं नवराबायको हजर, तोंडं लांब करून. म्हणाले, "आई, जे काही बिनसलंय ते समोरासमोर बसून मिटवू." मी म्हटलं, "काही बिनसलं नाही, आमची मैत्री झालीय." त्यावर तर दोघं जास्तच घाबरले. सूनबाई कुजबुजली, "हे फार पुढे गेलंय."

तेव्हा तुम्हीच सांगा लेकीला. कसं म्हणून विचारू नका. जसं मला सांगितलंत तसं.

आणि तो कोट पाठवा. पिना टोचत असतील. आत घालून देते, पण कापड कापणार नाही, भरपूर शिल्लक ठेवीन. पुढे उसवायचंय ना!

तुमची,
विहीण


१५ जून

अगं विहीणबाई,

"अगं" लिहून गेले. खोडणार होते, पण कंडक्टरबाई म्हणाल्या, "राहू द्या, तिकीट फाडलंय आता."

लेकीला सांगितलं. फोनवरच. आधी ती रडली, मग माझ्यावर असली भडकली की मी फोन कानापासून लांब धरला. "मला कशाला कळवलं नाहीस? मी काय परकी आहे?" त्यानंतर ती रोज दुपारी फोन करायला लागली आणि ताटात काय आहे ते एकेक करून विचारायला लागली. तिच्या आवाजात मला माझा नोकरीतला आवाज ऐकू येतो. दुकानदार मला एवढं का घाबरायचे, ते आत्ता कळलं.

सगळंच सुरळीत झालंय असं नाही. काही दिवस अजून उभ्यानेच जातात. मधल्या एका आठवड्यात काटा जागचा हलला नाही, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी माझ्यासाठी हळहळ व्यक्त केली आणि स्वतःचा हलला नाही म्हणून स्वतःसाठीही. पण परवा मी सूप केलं आणि ते त्याच दिवशी संपलं. यांची एक गोष्ट मी कंडक्टरबाईंना सांगितली, ती तीच, जुनी. सांगता सांगता लक्षात आलं, माझं जेवण निवत होतं. मीच म्हटलं, "निवू दे."

आणि काल. बुधवार होता, आम्ही दोघी टेबलावर. बेल वाजली. दार उघडलं तर लेक, न कळवता आलेली. डिसेंबरनंतर तिने मला पाहिलंच नव्हतं. बॅग हातात तशीच धरून ती उंबऱ्यात उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "आई! तू जाड झालीस!"

मी म्हटलं, "काय म्हणालीस? नीट ऐकू आलं नाही."

"जाड झालीस, आई!"

"रस्त्यावर फार आवाज आहे गं. जरा मोठ्याने म्हण."

ती बॅग टाकून माझ्या गळ्यातच पडली आणि कानाशी तेच तेच ओरडत राहिली. जिन्यातली सगळी दारं उघडली, लोक बाहेर आले. आतून कंडक्टरबाईंनी हाक दिली, "ऐकलं बरं का! मी साक्षीदार आहे! आता त्या पोरीला आत घ्या, इथे अजून एका सीटची जागा आहे!"

तर काल आम्ही तिघी जेवलो, गं. बसून.

तुझी,
जाड विहीण